चढ की उतार?

दर रविवारी पहाटे साडेपाचला मी वाईहून निघतो, सायकलीने पसरणीचा घाट चढतो, पाचगणीला एका टपरीवर कपभर चहा घेतो आणि परत येतो. गेली आठ वर्षे हा नेम चालला आहे. या नेमाला आमच्या घरात ‘व्यायाम’ म्हणतात, शेजारीपाजारी ‘खूळ’ म्हणतात आणि शाळेतले सहकारी काहीच म्हणत नाहीत, नुसते पाहतात. “एवढं वर जाऊन आणता काय?” असे एकदा शेजारच्या काकूंनी विचारले. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत माणूस पाचगणीला गेला म्हणजे निदान दोन डबे घेऊन येईल, ही त्यांची अपेक्षा रास्तच होती. मी रिकाम्या हातांनी येतो हे कळल्यावर त्यांनी माझ्या पत्नीकडे अशा काही नजरेने पाहिले की, पुढच्या रविवारपासून माझ्या सायकलीला एक कापडी पिशवी लटकू लागली.

हा नाद मला चाळिशीच्या उंबरठ्यावर लागला. रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. पण वाईसारख्या गावात मास्तर पायी निघाला की दर पन्नास पावलांवर त्याला एक पालक भेटतो. सायकलीवरच्या माणसाला पालक फार तर हात करू शकतात. तेव्हा मी सायकल घेतली, प्रथम मेणवलीपर्यंत, मग धोम धरणापर्यंत जाऊ लागलो, आणि एके दिवशी कोणालाही न सांगता पसरणीच्या रस्त्याला लागलो.

पसरणी हे शाहीर साबळ्यांचे गाव. गाव मागे पडले की घाट सुरू होतो. वाईपासून पाचगणीपर्यंत अंतर बारा-तेरा किलोमीटरांचे, आणि तेवढ्यात साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची चढायची; म्हणजे शंभर पावले पुढे गेले की चार-साडेचार पावले वर. कागदावर हा चढ काही भयंकर नव्हे. परंतु तो सोडत नाही. पहिल्याच दिवशी मी मोठ्या जोमाने सुरुवात केली आणि दुसऱ्या वळणावर कठड्याला सायकल टेकवून खाली वाई गाव किती सुंदर दिसते याचे निरीक्षण करीत उभा राहिलो. त्या दिवशी मी अशी निरीक्षणे सात ठिकाणी केली.

हळूहळू रीत उमगली. शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलता येतील इतकाच जोर लावायचा. गिअर हलका ठेवायचा, पाय मिनिटाला साठ-सत्तर फेरे घेत राहतील असे पाहायचे, कमरेला रग लागली तर दहावीस फेरे उभ्याने मारायचे आणि पुन्हा बसायचे. वळणांची गणती करायची नाही. वर पाहायचे नाही. एकदा का श्वासाला आणि पायांना एकमेकांची ओळख पटली, की त्यांच्यात आपण लुडबुड करण्याचे कारण उरत नाही. मग मन मोकळे होते. डाव्या-उजव्या हाताला दरी असते, पलीकडे पांडवगड असतो, मागे धोमचे पाणी उजळत असते, आणि मन कुठे तरी भलतीकडेच गेलेले असते. माझ्या शेवटच्या दोन कादंबऱ्या मी टेबलापाशी लिहिल्या असल्या तरी सुचल्या घाटात. एका पात्राला मी तिसऱ्या प्रकरणात मारणार होतो. दत्तमंदिराच्या अलीकडे त्याच्याविषयी दया आली आणि बिचारा शेवटपर्यंत जगला.

घाटातून मी लांबच्या पल्ल्यांकडे वळलो, ते गणितामुळे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. परंतु मॅट्रिकला गणितात गुण बरे पडले होते, आणि एवढ्या आधारावर त्या काळी एका लहानशा संस्थेने मला शिक्षक करून गणित माझ्या गळ्यात घातले. तेव्हापासून अंतर, काळ आणि वेग यांच्या उदाहरणांनी मी शेकडो मुलांना छळत आलो आहे. अशा माणसाला ‘ब्रेव्हे’ हा प्रकार आवडावा यात नवल नाही. ब्रेव्हे मूळचा फ्रान्सकडचा. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायचे, सुमारे बाराशे किलोमीटर, अशी शर्यत १८९१ साली प्रथम झाली; आता ती शर्यत राहिलेली नाही, दर चार वर्षांनी निघणारी आणि नव्वद तासांत पुरी करायची एक वारीच झाली आहे. तिच्या धाकट्या बहिणी आपल्याकडेही भरतात. दोनशे किलोमीटरांना साडेतेरा तास, तीनशेंना वीस, चारशेंना सत्तावीस, सहाशेंना चाळीस. पहिला-दुसरा क्रमांक नसतो. एक कार्ड मिळते. ठरावीक ठाण्यांवर त्याच्यावर वेळेची नोंद करून घ्यायची. वाटेत पंक्चर झाले तर आपले आपण काढायचे, आणि ठाण्याबाहेर कोणाची मदत घ्यायची नाही.

या छंदाची मोठी माणसे पाहिली म्हणजे आपला पसरणीचा घाट अंगणातला उंचवटा वाटू लागतो. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतचा, जवळजवळ ४८०० किलोमीटरांचा पल्ला दोघांनी मिळून पुरा केला. २०१७ साली नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी तोच पल्ला एकट्याने मारला. मी दोनशेवाला. पण दोनशे भागिले साडेतेरा, म्हणजे ताशी पंधराच्या जरा आत, हा भागाकार डोक्यात घोळवीत दिवसभर रस्ता कापण्यात मला जे सुख होते, ते शाळेत उदाहरण सोडवताना कधी झाले नाही.

असे सगळे सुरळीत चालले असताना दोन वर्षांपूर्वी माझ्या मागच्या चाकाच्या दोन आऱ्या तुटल्या.

पाचगणी रस्त्याला नवे सायकलीचे दुकान झाले आहे असे ऐकले होते. तिथे गेलो. तेहतीस-चौतीस वर्षांचा, काळासावळा, हाताला ग्रीस लागलेला एक तरुण चाकाची सर काढत बसला होता. त्याने मान वर केली आणि उठून उभा राहिला. अगदी वर्गात उभे राहावे तसा.

“सर, वळखलं न्हाई? मी सतरा नंबर.”

शिक्षकाला विद्यार्थ्यांची नावे विसरण्याची सवय असते. पण हा क्रमांक मी विसरलो नव्हतो.

२००४ सालची गोष्ट. सातवीचा वर्ग. मी फळ्यावर उदाहरण घातले होते: एक सायकलस्वार ताशी १२ किलोमीटर वेगाने जातो, तर २४ किलोमीटर जाण्यास त्याला किती वेळ लागेल? हजेरीपटावर सतरावा असलेला मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, चढ का उतार?” वर्ग खदखदून हसला. मी तेव्हा नवा होतो, तरुण होतो, वर्गाच्या हसण्याला भीत होतो. मला वाटले, कार्टे माझी थट्टा करते आहे. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याला दिवसभर वर्गाबाहेर उभे केले. पुढे मुले त्याला ‘चढउतार’ म्हणून हाका मारीत. मी ऐकत असे आणि कधी कोणाला दटावले नाही. त्याच वर्षी त्याने शाळा सोडली.

मुले शाळा सोडतातच. वर्षाकाठी एखाद-दुसरा क्रमांक पटावरून कमी होतो, त्याच्यापुढे लाल रेघ ओढली जाते आणि शिक्षक पुढच्या क्रमांकाकडे वळतो. मीही वळलो. पण चाळिशीत घाट चढू लागलो आणि तो प्रश्न पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला. एका रविवारी मी घड्याळ लावून पाहिले. बारा किलोमीटर चढायला दीड तास लागला, म्हणजे ताशी आठ. उतरायला अर्धा तास, म्हणजे ताशी चोवीस. आठ आणि चोवीस यांच्या मधोमध सोळा. परंतु प्रत्यक्षात चोवीस किलोमीटरांना दोन तास लागले होते, म्हणजे ताशी बाराच. चढावर गेलेला वेळ उतारावर कितीही भरधाव आले तरी भरून निघत नाही, कारण चढावर आपण राहतोच जास्त वेळ. एवढी गोष्ट मी वीस वर्षे शिकवत होतो आणि मला ती मांड्या भरून आल्यावर कळली. त्या मुलाला ती बाराव्या वर्षी ठाऊक होती. तो घाटाखालच्या वस्तीवरून दोन कॅन दूध सायकलीला लावून घाटातल्या टपऱ्यांना पोचवून मग शाळेला येत असे, चढताना ढकलत आणि उतरताना बसून. हे मला दुसऱ्याच कोणाकडून फार उशिरा समजले होते.

आणि आता तो माझ्यासमोर उभा राहून माझ्या चाकाला आऱ्या बसवीत होता. मी काही तरी बोलायला हवे होते. मी म्हणालो, “किती झाले?” तो म्हणाला, “सर, तुमच्याकडनं घ्यायचे व्हय?” मी पैसे ठेवले आणि बाहेर पडलो.

शाळा सुटल्यावर तो पुण्याला गेला होता. सायकलीच्या दुकानांत झाडण्यापासून सुरुवात करून पंधरा वर्षे काम केले, गिअरच्या सायकली खोलायला शिकला, आणि तिथेच त्याला डोंगरातल्या सायकलीचे वेड लागले. वाईला परत आल्यावर त्याने पांडवगडाच्या पायथ्याची गुरांची वाट शोधून काढली होती, आणि सुटीच्या दिवशी पाचसहा पोरांना घेऊन तिथे उंडारत असे. “सर, एकदा या की,” असे तो दर खेपेस म्हणायचा. मी टाळत असे. रस्ता सोडून सायकल चालवणे मला पोरकट वाटे. शेवटी एका शनिवारी गेलो. खरे सांगायचे तर बोलायला निमित्त मिळेल म्हणून गेलो.

त्याने मला दिलेली सायकल पाहून मी हसलो. म्हैस आणि घोडा यांत जो फरक, तो तिच्यात आणि माझ्या सायकलीत. टायर दोन इंचांहून रुंद, त्यांना बोटबोट उंचीचे दात. माझ्या चाकांत नव्वद पौंड हवा असते, चाक दगडासारखे लागते. यात जेमतेम पंचवीस. पुढच्या दांड्यांत स्प्रिंगा, हँडल बैलगाडीच्या जुवाएवढे रुंद. मी म्हणालो, “हवा कमी आहे.” तो म्हणाला, “कमीच पायजे, सर. टायरनं दगड धरला पायजे.”

पुढची अडीच तासांची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण तीत माझी शोभा नाही. वाट म्हणजे दोन हात रुंदीचा मुरुमाचा पट्टा, एका बाजूला करवंदीची जाळी, दुसऱ्या बाजूला घसरण. पहिला चढ आला. घाटातल्या सवयीने मी उभा राहिलो आणि जोर लावला. मागचे चाक जागच्या जागी भिरभिरले आणि मी आडवा झालो. “उभं राहू नगा, सर. बसून पुढं वाका. मागच्या चाकावर वजन राह्यलं पायजे.” मग उतार आला. उतारावर बसायचे असते ही माझी समजूत, तो म्हणाला, “आता बसू नगा. उभं राहा, दोन्ही पायडलं सपाट, कोपरं बाहेर, बूड मागं, ब्रेकावर एकच बोट.” म्हणजे आठ वर्षांत जे शिकलो ते सगळे उलटे. आणि वर आणखी एक गोष्ट, जी मला आजही साधलेली नाही: “दगडाकडं बघू नगा. जिकडं बघाल तिकडं सायकल जाती. वाटंकडं बघा.”

वाटेत एकच मोठा दगड होता. मी त्याच्याकडे पाहिले. सायकल गेली.

अकरा किलोमीटरांना अडीच तास लागले. पैकी तीन-चार किलोमीटर मी सायकल हातात धरून चाललो. घरी आलो तेव्हा ऐंशी किलोमीटरांच्या फेरीनंतर वाटावा तसा थकवा होता, पण तो पायांत नव्हता. मनगटे, खांदे, मान, आणि कोणाला पटणार नाही, डोळे दुखत होते. घाटात जोर एकसारखा लागतो, विस्तवावर ठेवलेल्या आमटीसारखा. इथे तो फोडणीसारखा उडतो, क्षणात भडका आणि क्षणात शांत. पण याहून मोठा फरक मला रात्री अंथरुणावर पडल्यावर जाणवला. त्या अडीच तासांत मला एकही विचार सुचला नव्हता. कादंबरी नाही, शाळा नाही, साखर नाही. पुढच्या चार हातांत काय आहे याखेरीज जगात काही नव्हतेच. ज्या गोष्टीसाठी गेलो होतो ती बोलायचीही राहून गेली होती. कारण तो पुढे, मी मागे, आणि दोघांची तोंडे मिटलेली.

डोंगरातल्या या सायकलीचा जन्मही मोठा मजेदार. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात, टॅमल्पाइस डोंगराच्या परिसरात, १९७०च्या दशकात काही तरुण भंगारातल्या जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरावर नेऊन तिथून खाली झोकून देत. १९७६ साली त्यांनी एका उतारावर शर्यत लावली. त्या उताराचे नावच ‘रिपॅक’ पडले. कारण मागे पायडल दाबून लागणारा ब्रेक खाली येईपर्यंत इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि दर खेपेला तुंबा खोलून नवे ग्रीस भरावे लागे. वीस वर्षांनी, १९९६ साली, अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये त्या खेळाला पदके मिळू लागली. उनाड पोरांच्या उद्योगाला जगात प्रतिष्ठा मिळायला वीस वर्षे लागतात, असे माझ्या सतरा नंबरला मी म्हणालो. तो हसला. त्याच्या हिशेबातही वीसच वर्षे होती, हे माझ्या नंतर ध्यानात आले.

त्या हिवाळ्यात मी सात-आठ वेळा त्या वाटेवर गेलो. पडलो तीनदा. धोक्याविषयी मला विचाराल तर मी उलटेच सांगेन. घाटात मी मनातून भितो, ते इतरांना: वळणावर समोरून येणारी आरामगाडी, पाचगणीला पोचायची घाई झालेले पर्यटक, उतारावर अचानक येणारा खड्डा. तिथे मी कितीही शहाण्यासारखा वागलो तरी माझा जीव दुसऱ्याच्या हातात असतो. डोंगरातल्या वाटेवर दुसरा कोणी नसतोच. पडलो तो माझ्या पाहण्याने पडलो, ब्रेक दाबला तो माझ्या भीतीने दाबला. गुडघा फुटला तरी कोणाला शिव्या देता येत नाहीत, ही त्या खेळाची फार मोठी गैरसोय आहे.

त्याला चालवताना पाहणे मात्र मला आवडू लागले. ओहोळाशी एक उतार आहे, चार पुरुष खोल, मध्ये कातळाची पायरी. त्या पायरीशी येण्यापूर्वीच त्याचे डोळे पलीकडच्या काठावर गेलेले असत. गुडघे आणि कोपरे आपापले काम करीत, चाक पायरीवरून घरंगळल्यासारखे खाली येई आणि तो पलीकडे चढून गेलेला असे. एका क्षणात त्याने किती गोष्टी मोजलेल्या असत! मुरूम ओला की कोरडा, चाक कुठे धरेल, कुठे सुटेल, वजन किती मागे. ही मोजदाद करणाऱ्या मुलाला मी वर्गात ‘माठ’ म्हटले होते, हेही सांगून टाकतो. वर लिहिताना ते गाळले होते.

गेल्या जानेवारीत तो म्हणाला, “सर, तुमच्या त्या दोनशेला मी येतो.” मी खूश झालो. रस्त्यावर शेजारी-शेजारी चालवता येते, बोलता येते, आणि साडेतेरा तास हाताशी असतात. बोलायला इतका वेळ माणसाला दुसरीकडे कुठे मिळणार? पुण्याहून निघून कात्रज, खंबाटकीचा घाट, सुरूरचा फाटा, आमची वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, आणि परत. दोनशेच्या थोडे वरच. सकाळी सहाला सुटलो. पहिले पन्नास किलोमीटर तो सारखा पुढे पळत होता आणि माझ्यासाठी थांबत होता. “हळू,” मी म्हणत होतो, “बोलता येईल इतकंच.” खंबाटकीत त्याने मला मागे टाकले. पसरणीत मी त्याला गाठले. पाचगणीला कार्डावर नोंद केली तेव्हा तो गप्प झाला होता.

परतताना वाईत आमच्या घराच्या कोपऱ्यावर माझी पत्नी डबा घेऊन उभी होती. गुळाच्या पोळ्या होत्या. ठाण्याबाहेर मदत घेता येत नाही हा नियम मी तिला रस्त्यातच समजावून सांगितला आणि डबा न घेता पुढे निघालो. यावर मला पुढे घरात जे ऐकावे लागले त्याची सोय कोणत्याही नियमावलीत नाही.

सुरूरच्या फाट्यावर तो उतरला आणि झाडाखाली दगडावर बसला. दुपारचे सव्वादोन. ऊन मी म्हणत होते. अजून पंच्याहत्तर किलोमीटर होते. “सर, मी हितनं टेम्पोनं वाईला जातो.” पाय दुखतात का, असे विचारले. “पाय न्हाई. ह्यो रस्ता सरंचना. डोक्याला कामच न्हाई काय. सारखं मागचं मागचं आठवाया लागलंय.”

मी त्याच्याजवळ बसलो. इतके दिवस मनात जुळवून ठेवलेली वाक्ये होती. कादंबरीकार असल्यामुळे बरीच चांगली होती. त्यांतले एकही आठवेना. मी म्हणालो, “त्या दिवशी तुला मारलं ते चुकलं माझं. तू बरोबर विचारलं होतंस. माझ्यामुळं तुझी शाळा सुटली.”

तो थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिला.

“शाळा तुमच्यामुळं न्हाई सुटली, सर,” तो म्हणाला. “त्या साली म्हैस गेली आमची. दूध बंद झालं, मग मला पुण्याला धाडलं. तुम्ही मारलं त्याचं काय, सगळेच मारायचे.”

मला हलके वाटायला हवे होते. वाटले ते वेगळेच. इतकी वर्षे मी त्याच्या आयुष्यात स्वतःला केवढी मोठी जागा देऊन ठेवली होती, आणि तिथे एक म्हैस होती.

मग तो उठला, बाटलीतले पाणी तोंडावर मारले आणि सायकल उचलताना, माझ्याकडे न पाहता म्हणाला, “पर प्रश्न खरा व्हता माझा. तेवढं तुम्ही सांगाया पायजे व्हतं वर्गाला.”

“हो,” मी म्हणालो.

टेम्पोची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मी त्याला पंच्याहत्तर किलोमीटरांचे दहा-दहाचे तुकडे करून दिले. दहा झाले की दोन घोट पाणी, वीस झाले की केळे. पुढच्या दहाचा विचार करायचा नाही. खंबाटकीच्या बोगद्याकडे चढताना तो माझ्या मागच्या चाकाला चिकटून येत होता; “किती राह्यलं?” असे विचारी आणि मी प्रत्येक वेळी “निम्मं झालं” म्हणे, मग कितीही झालेले असो. कात्रजच्या चढावर अंधार पडला. संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी आम्ही कार्ड परत दिले, अठरा मिनिटे हातात राखून. पुढे ते कार्ड त्याने दुकानात टेबलाच्या काचेखाली ठेवले. पुन्हा दोनशेला येणार का, असे विचारले तर तो कानाला हात लावतो. मीही अजून घाटाचाच माणूस आहे. डोक्याला काम न देणारा रस्ता मला लागतो. माझे पोट त्याच्यावर चालते.

दिवाळी तोंडावर आली आहे. गवत पिवळे पडले आहे, मोज्यांत कुसळे भरतात आणि मुरूम कोरडा होऊन निसरडा झाला आहे. गेल्या शनिवारी आम्ही पांडवगडाखाली गेलो होतो. तो ओहोळ उतरून पलीकडे चढून थांबला. मी काठावर उभा. आजवर तिथे मी सायकल खांद्यावर घेऊनच उतरत आलो आहे. या वेळी दोन्ही पायडले सपाट धरली, बूड मागे घेतले आणि सोडली. कातळाच्या पायरीपर्यंत गेलो. तिथे माझी नजर खाली गेली आणि मी पाय टेकला. बाकीचा उतार चालतच उतरलो. तो काही बोलला नाही. मी पलीकडे पोचल्यावर माझ्या हातातून सायकल घेतली आणि म्हणाला, “निम्मं झालं, सर.”

परतताना गिरणीवरून चकलीची भाजणी आणायची होती. नऊच्या आत, अशी ताकीद होती. मी तिथेच बसून मोज्यांतली कुसळे काढू लागलो, तेव्हा त्यानेच आठवण केली, की पिशवी माझ्या सायकलीला आहे आणि माझी सायकल त्याच्या दुकानात.